संगीत सुखात्मिकेतील गायक नट आणि खानदेश

प्रेम, गैरसमज, रुसवेफुगवे आणि अखेरीस मनोमीलन अशा कथानकावर उभारलेल्या हास्यप्रधान संगीत नाटकास संगीत सुखात्मिका म्हणता येईल. अशा नाटकातील नटाकडून चतुर संभाषण, विनोदाची जाण व प्रसन्न अभिनय यांची अपेक्षा प्रथम केली जाते. गाणे ही त्यात पडलेली भर समजली जाते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मात्र पूर्वायुष्य, व्यवसाय किंवा भूमिका यांवरून ज्यांच्या गळ्यातील सामर्थ्याची कोणास कल्पनाही आली नसती, असे अनेक नट आढळतात. त्यांच्या घडणीतील खानदेशचा वाटा मुख्यतः दोन गावांशी निगडित आहे. जळगाव येथे बालगंधर्वांना त्यांचे प्रारंभीचे संगीतशिक्षण मिळाले आणि धुळे जिल्ह्यातील थाळनेर हे मंगेशकर भावंडांचे आजोळ होय. यांशिवाय तमाशा व स्त्रीगीते यांच्या रूपाने या प्रदेशात हास्य आणि गायन यांची सांगड पूर्वीपासूनच घातली गेली होती.

प्रदेश व नाटक मंडळ्यांचे दौरे : तापी व तिच्या गिरणा, पांझरा, वाघूर इ. उपनद्यांच्या खोऱ्यांत वसलेला खानदेश ब्रिटिश अमदानीत प्रथम एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. पूर्व खानदेशास पुढे जळगाव जिल्हा व पश्चिम खानदेशास धुळे जिल्हा अशी नावे मिळाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. मुंबईहून ईशान्येकडे जाणारा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव व भुसावळ या गावांवरून गेल्यामुळे आणि १९०० च्या सुमारास चाळीसगाव–धुळे व सुरत–जळगाव हे फाटे तयार झाल्यामुळे पडदे, पेट्या व पाचपन्नास माणसे घेऊन हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांना हा मुलूख सोयीचा झाला. कापसाचा व्यापार, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने आणि अमळनेर, धुळे, जळगाव येथील कापड गिरण्या यांमुळे तिकिटासाठी पैसा मोजू शकणारा प्रेक्षकवर्गही येथे निर्माण झाला. खानदेश–वऱ्हाड हा मंडळ्यांच्या दौऱ्यांचा नित्याचा टापू होता. मंडळीचा मुक्काम गावात पडला, की तालमींतील पदे गावातल्या मुलांच्या कानांवर पडत आणि मंडळी निघून गेल्यावरही ती गावात रेंगाळत राहत.

लोकरंजनाची पूर्वपीठिका : नाटक मंडळ्या येण्यापूर्वीपासून खानदेशातील जत्रांतून तमाशाचे फड रंगत असत. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेसारख्या मोठ्या यात्रांतून ही प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली. गण, गवळण, बतावणी व वग या तमाशाच्या घटकांपैकी गवळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी व गवळणी यांच्या संवादातून शृंगार आणि हास्य एकत्र येतात. सोंगाड्याचे मुख्य काम हजरजबाबीपणाने हसविण्याचे. तथापि ढोलकीच्या तालावर त्याने मध्येच एखादी खडी तान घेतली, की हसणारा प्रेक्षक क्षणभर स्तब्ध होतो. विनोदी पात्राच्या गळ्यातून अनपेक्षितपणे आलेला सूर हा अशा रीतीने येथील श्रोत्यांस अपरिचित नव्हता.

दुसरा प्रवाह स्त्रियांच्या गाण्यांचा. आखाजीस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, माहेरी आलेल्या मुली झाडांना झोके बांधून अहिराणी गीते गातात. भुलाबाईची आणि कानबाईची गाणीही प्रसिद्ध आहेत. सासरच्या माणसांची थट्टा, पतीविषयीची ओढ आणि माहेरची आठवण हे या गीतांचे विषय होत. ती गाणाऱ्या स्त्रियांना व्यावसायिक रंगभूमीवर मात्र स्थान नव्हते. तेथे स्त्रीभूमिका पुरुषच करीत. संगीत सुखात्मिकेचा विचार करताना ही उणीव लक्षात घ्यावी लागते.

किर्लोस्करांची परंपरा : अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. १८८२ मध्ये संगीत सौभद्र रंगभूमीवर आले. सुभद्रेचे अर्जुनावर प्रेम, बलरामाने दुर्योधनाशी ठरविलेला तिचा विवाह, यतिवेषातील अर्जुन आणि हे सारे सूत्र हसतमुखाने हलविणारा कृष्ण अशी या नाटकाची रचना असून ते मराठीतील पहिली श्रेष्ठ संगीत सुखात्मिका मानले जाते. तत्पूर्वीच्या नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणत असे. किर्लोस्करांनी ती त्या त्या पात्राच्या तोंडी घातली. परिणामी नटास गाता आले पाहिजे, ही अट उत्पन्न झाली आणि गाणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. हा शोध पुष्कळदा रंगभूमीबाहेर करावा लागे. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) हे बडोद्यास कचेरीत नोकरी करणारे तरुण. त्यांचा आवाज किर्लोस्करांच्या कानी आला व ते मंडळीत दाखल झाले. शकुंतला व सुभद्रा या त्यांच्या भूमिकांनी महाराष्ट्रास वेड लावले. कारकुनी करणाऱ्या तरुणाच्या ठिकाणी असा गळा असेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

जळगाव व बालगंधर्व : नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७) यांच्या बालपणातील काही काळ जळगाव येथे गेला. तेथे त्यांना मेहबूब खाँ यांच्याकडून गायनाचे पाठ मिळाले. हा मुलगा शाळेत जाणारा होता. नाटकाच्या धंद्यास त्या काळी पांढरपेशा समाजात प्रतिष्ठा नव्हती आणि घरच्यांनी त्याला नट करण्याचे योजिले नव्हते. पुण्यास त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी कौतुकाने ‘बालगंधर्व’ हे नाव उच्चारले, असे परंपरेने सांगितले जाते. तेच नाव पुढे रूढ झाले. एका मुसलमान उस्तादाने जळगावसारख्या तेव्हाच्या लहान गावात एका ब्राह्मण मुलास दिलेली ही विद्या पुढे नाट्यसंगीतास किती उपकारक ठरली, हे पाहता या प्रारंभिक शिक्षणाचे महत्त्व ध्यानी येते. त्यानंतर भास्करबुवा बखले यांच्या मार्गदर्शनाने त्यांच्या गायकीस पूर्णता आली. परंतु आवाजावरची पहिली मेहनत जळगावची होती.

बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील प्रवेशास एक विघ्न होते. त्यांच्या कानात दोष होता आणि ऐकू कमी येणारा मुलगा संगीत नाटकात उभा राहणे कठीण होते. छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने मिरज येथे त्यांच्यावर उपचार झाले आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. मिरजेसच ते शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगभूमीवर आले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृ. प्र. खाडिलकरांच्या संगीत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग झाला. धनाच्या गर्वाने गरीब पण शूर धैर्यधरास नाकारणारी भामिनी वनमालेच्या वेषात त्याच्या सहवासात येते व त्याच्या प्रेमात पडते. तिच्याशी लग्न करू पाहणारा धनिक लक्ष्मीधर भित्रा असल्याने हास्यास्पद ठरतो. बालगंधर्वांनी भामिनी, तर गणपतराव बोडसांनी लक्ष्मीधर उभा केला. प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांच्या पहिल्या अपत्याचे निधन झाले होते. तथापि त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. प्रेक्षक ज्या भामिनीच्या लाडिक विभ्रमांवर लुब्ध होत होते, तिचे सोंग घेणारा बाप त्या रात्री पुत्रशोकासारख्याच दुःखात होता. सुखात्मिका सादर करणाऱ्या नटाच्या व्यवसायातील कठोरता या घटनेवरून कळून येते.

मानापमानातील पदांच्या चाली गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी दिल्या. टेंब्यांची मूळ ख्याती संवादिनीवादक म्हणून. १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तीत टेंबे स्वतः नायकाच्या भूमिकांत गाऊ लागले आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले. साथीदार म्हणून बाजूस बसणारा कलावंत नायक होऊन मध्यभागी उभा राहिला, हे अनपेक्षित गायनगुणाचे ठळक उदाहरण होय.

संशयकल्लोळ : गोविंद बल्लाळ देवल (मृ. १९१६) यांचे संगीत संशयकल्लोळ हे या प्रकारातील सर्वांत टिकाऊ नाटक ठरले. त्याचे मूळ मोल्येर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील प्रहसनात असून आर्थर मर्फी या नाटककाराच्या इंग्रजी रूपांतरावरून देवलांनी १८९३ च्या सुमारास फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा हे गद्य नाटक रचले. पुढे त्यात पदे घालून ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून संशयी फाल्गुनराव व त्याची पत्नी कृत्तिका यांच्यात माजलेला कलह आणि अश्विनशेट व रेवती यांच्या प्रेमात त्यामुळे आलेला व्यत्यय असे याचे कथानक आहे. बोडसांचा फाल्गुनराव व बालगंधर्वांची रेवती या भूमिका गाजल्या.

या नाटकाचा गद्य व संगीत असा दुहेरी जन्म विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. गद्यात संशयाचे हास्य पुरेसे उभे राहत होते. पदे आल्यावर त्या हास्यात प्रेमाची आर्तता मिसळली. गद्यात क्षणात संपणारा रुसवा पदात विस्तार पावतो व ज्या पात्रास प्रेक्षक हसत होता, त्याच्याविषयी त्यास सहानुभूती वाटू लागते. ध्वनिवर्धकाची सोय नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे, अभिनय न सोडता ताल सांभाळणे आणि ‘वन्समोअर’ मिळताच तेच पद नव्या अंगाने म्हणणे, ही तिन्ही कामे एकाच नटास करावी लागत. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष यांसारखे वादक असल्याने पदांची रंगत मैफलीच्या तोडीची होई. पुनःपुन्हा घेतल्या जाणाऱ्या पदांमुळे नाटके पहाटेपर्यंत लांबत. कथानकाचा ओघ त्यामुळे खंडित होतो, असा आक्षेपही घेतला गेला व तो निराधार नव्हता.

थाळनेर व मंगेशकर : तापीकाठचे थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे) हे फारुकी राजवटीच्या आरंभीच्या काळातील राजधानीचे गाव. तेथील गुजराती व्यापारी व जमीनदार हरिदास रामदास लाड यांच्या नर्मदा या कन्येचा विवाह मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांच्याशी झाला. तिच्या अकाली निधनानंतर दीनानाथांनी तिची बहीण शेवंती हिच्याशी विवाह केला. याच पुढे माई मंगेशकर म्हणून ओळखल्या गेल्या. लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांना आजीकडून गरब्यासारखी गुजराती लोकगीते ऐकावयास व शिकावयास मिळाली होती. खानदेशाच्या रंगभूमीवर ज्या स्त्रीकंठास स्थान नव्हते, तो अशा प्रकारे नातीच्या गळ्यात उतरला.

दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. राम गणेश गडकऱ्यांचे भावबंधन (१९१९) ही तिची गाजलेली सुखात्मिका. तीत लतिकेची भूमिका दीनानाथांनी केली, घनश्याम कोल्हटकरांनी रंगविला आणि तिरळ्या कामण्णाच्या भूमिकेने दामूअण्णा मालवणकर विनोदी नट म्हणून नावारूपास आले. दीनानाथांचे गाणे आक्रमक, चपळ व अनपेक्षित वळणांचे होते. बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीहून ते सर्वस्वी भिन्न होते. एकाच काळात नायिकेच्या भूमिकेतील गायनाचे हे दोन भिन्न आदर्श महाराष्ट्रासमोर होते आणि दोहोंचा धागा खानदेशाशी जुळलेला होता, एकाचा शिक्षणाने व दुसऱ्याचा सोयरिकीने.

मंडळ्यांचा ऱ्हास व बोलपट : संगीत सुखात्मिकेचे वैभव आर्थिक दृष्ट्या ठिसूळ होते. भरजरी वस्त्रे, नवे पडदे, मोठा नटसंच व नामवंत साथीदार यांचा खर्च उत्पन्नापेक्षा अधिक होऊ लागला. १९२१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीवर लाखाहून अधिक रुपयांचे कर्ज असल्याचे उघड झाले. बालगंधर्वांनी वर्गणी गोळा करून मदत करण्याच्या सूचना नाकारल्या व पुढील काही वर्षांत प्रयोगांच्या उत्पन्नातून ते फेडले. त्याच वर्षी ८ जुलै रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमानाचा प्रयोग होऊन त्यात केशवराव भोसले धैर्यधर व बालगंधर्व भामिनी झाले. १९३२ पासून मराठी बोलपट येऊ लागल्यावर स्वस्त तिकीट व गावोगावची चित्रपटगृहे यांच्यापुढे मंडळ्यांचा निभाव लागेना. दीनानाथांनी काढलेल्या चित्रपटसंस्थेसही यश आले नाही व त्यांचे उत्तरायुष्य विपन्नावस्थेत गेले.

१९४२ मध्ये दीनानाथ निवर्तले तेव्हा लता मंगेशकर यांचे वय तेरा वर्षांचेही पूर्ण नव्हते. त्या वर्षी किती हसाल या चित्रपटासाठी त्यांनी गायलेले पहिले गीत चित्रपटातून वगळण्यात आले. कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांना अभिनयाकडे वळावे लागले. पहिली मंगळागौर (१९४२), माझे बाळ (१९४३), गजाभाऊ (१९४४) इ. चित्रपटांत त्यांनी लहान भूमिका केल्या. अभिनयाची त्यांना आवड नव्हती. येथे प्रश्न उलटा झाला : नटाच्या ठायी गायक सापडण्याऐवजी गायिकेस नटी व्हावे लागले. पार्श्वगायनाची पद्धती स्थिरावताच त्यांनी अभिनय सोडला आणि त्यांच्या आवाजावर असंख्य नायिकांनी पडद्यावर ओठ हलविले.

पार्श्वगायनाने नट व गायक यांची फारकत केली. त्याचे खानदेशाशी संबंधित असे एक लक्षणीय उदाहरण म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित जैत रे जैत (१९७७) हा चित्रपट. त्यातील चिंधीची भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांचे घराणे शिरपूरचे. चित्रपटाचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे असून त्यातील गीतांना लता मंगेशकर व आशा भोसले यांचे आवाज लाभले. शिरपूर आणि थाळनेर एकाच तालुक्यातील गावे. एका गावच्या कन्येचा अभिनय व दुसऱ्या गावच्या नातींचा सूर पडद्यावर एकत्र आला. जैत रे जैत सुखात्मिका नव्हे. परंतु पूर्वी एकाच नटात वसणारे दोन गुण आता कसे विभागले गेले, हे त्यावरून स्पष्ट होते.

उत्तरकाळ : गाणारा विनोदी नट या बदलानंतरही लोप पावला नाही. मात्र त्याचे गाणे आता खरोखरच अनपेक्षित वाटू लागले, कारण नटास गाता आलेच पाहिजे ही अट राहिली नव्हती. प्रशांत दामले (ज. १९६१) यांनी एका लग्नाची गोष्ट (१९९८) या हलक्याफुलक्या नाटकात स्वतः गायिलेले गीत नाटकाइतकेच लोकप्रिय झाले, पुढे संशयकल्लोळच्या पुनरुज्जीवित प्रयोगांतही त्यांनी काम केले. शंभर वर्षांपूर्वीची सुखात्मिका नव्या प्रेक्षकास आपलीशी वाटते, याचे कारण तिच्यातील मनुष्यस्वभाव बदललेला नाही. जळगाव येथे बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह असून त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत महोत्सवही भरविला जातो. जळगाव व धुळे येथील हौशी नाट्यसंस्थांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने रंगभूमीची परंपरा चालू ठेवली. अलीकडे अहिराणी विनोदी गीते व छोट्या चित्रफिती यांतून सोंगाड्याच्या गाण्याचा जुना प्रकार नव्या साधनांनी पुन्हा प्रकट झालेला दिसतो.

मूल्यमापन : नटाच्या ठायी ‘अचानक’ प्रकट झालेले गाणे बहुधा अचानक आलेले नसते. बालगंधर्वांच्या गाण्यामागे जळगावच्या उस्तादांची शिकवण होती, टेंब्यांच्या गाण्यामागे वर्षानुवर्षांची साथ आणि लता मंगेशकर यांच्या गाण्यामागे वडिलांच्या तालमीबरोबरच आजोळची गाणी होती. प्रेक्षकास त्याचे नवल वाटते, कारण त्याला रंगमंचावरील फळ तेवढे दिसते. ही तयारी करून देणाऱ्यांची नावे क्वचितच टिकली. मेहबूब खाँ यांचे नाव शिष्याच्या कीर्तीमुळे उरले. झोक्यावर गाणाऱ्या स्त्रियांची व जत्रेतील सोंगाड्यांची नावे बहुतांशी नष्ट झाली. खानदेशने मराठी संगीत सुखात्मिकेस नाटककार वा मोठी नाटक मंडळी दिली नसली, तरी शिकविणारा उस्ताद, गाणारे आजोळ आणि रात्रभर जागून ऐकणारा प्रेक्षक या तीन गोष्टी दिल्या. त्यांच्या अभावी वर उल्लेखिलेल्या कलावंतांची घडण निराळी झाली असती.